हातावर काहीच उठलं नाही

नर्सिंग झाल्यावर माझी पहिली नेमणूक नागपुरातल्या एका टीबीच्या दवाखान्यात झाली. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. कोपराखाली कातडीत तपासणीचं इंजेक्शन टोचायचं आणि तिसऱ्या दिवशी तिथे उठलेली गाठ पट्टीने मोजायची, हे माझं काम. मोठी गाठ म्हणजे जंतू शरीरात शिरलेला. तो नुसता दबून बसलाय की आजार झालाय, हे थुंकी आणि छातीचा फोटो पाहून ठरायचं.

धाकटी बहीण रामटेकजवळच्या खेड्यात दिली होती. धानाची रोवणी उरकून माहेरी आली ती पार वाळून. रोज संध्याकाळी ताप. थुंकीत काही निघालं नाही. फोटोचं मशीन बंद होतं, आठ दिवसांनी या म्हणाले. तोवर तपासणीचं इंजेक्शन मीच तिच्या हातावर टोचलं.

तिसऱ्या दिवशी घरीच खिडकीशी बसवून मी तिच्या हातावरून बोट फिरवलं. साधा लाल डागही नव्हता.

"काय निघालं वं?"

"काही नाही. तुले टीबी नाही."

आई रडायलाच लागली, आनंदानं.

"मग फोटोसाठी काहून थांबू?" बहीण म्हणाली. "पोरगी तिकडे रडून राहिली असंल."

बसमध्ये मीच तिला बसवून दिलं.

दीड महिन्यानं जावई तिला घेऊन आले. मान ताठ झालेली, कोणाची ओळख नाही. मोठ्या इस्पितळात फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत रव्यासारखे दाणे पसरले होते. टीबी मेंदूपर्यंत गेला होता.

"पण डॉक्टर, हातावर काहीच उठलं नव्हतं."

"गाठ उठायला अंगात ताकद लागते, सिस्टर. आजार असा सगळीकडे पसरला की कधीकधी शरीराकडून तेवढंही होत नाही."

हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवशी खिडकीशी आठवलं नाही. आठवायचं नव्हतं, असंच म्हणावं लागेल.

अकराव्या दिवशी ती गेली.

तिच्या दोन वर्षांच्या पोरीचा हात मीच तपासला. चांगली मोठी गाठ उठली. फोटो साफ निघाला, वर्षभर गोळ्या दिल्या, पोर वाचली. ती गाठ मोजताना मला इतकं रडू आलं की पट्टीवरचे आकडे दुसऱ्या नर्सनं वाचले.

आई मला कधी बोलली नाही. शेजारणींना सांगायची, "मोठीनं पाहिला होता वं तिचा हात. तिच्यानं झालं तेवढं केलं तिनं."

मी आत निघून जायची.