ग्रीक देवापुढची बाई

कोल्हापूरच्या म्युझियममध्ये ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटीशी मूर्ती आहे, इथंच ब्रह्मपुरीला सापडलेली. तिच्यापुढं साठीची एक बाई कमरेवर हात ठेवून, जावेकडं बघावं तशी बघत उभी होती.

रखवालदार म्हणाला, "मावशी, देव हाय त्यो. हात तरी जोडा की."

"मी अलिबागकडची ज्यू," ती म्हणाली. "दोन हजार वर्षांपूर्वी या ग्रीकांच्या राजानं आमच्या देवळात यांचा देव बसवला, आम्हाला वर्ज्य असलेलं डुक्कर खायला लावलं. आमचे लोक लढले, देऊळ सोडवलं, दिवे लावले. ते आम्ही दर हिवाळ्यात अजून लावतो. आणि आता मी हात जोडू?"

रखवालदार वरमला. शेजारी मी मूर्तीखालची पाटी वाचून घेतली. मग तीच हसली.

"गंमत बघा, जिंकल्यावर आमच्याच राजांनी स्वतःला यांची ग्रीक नावं ठेवली. आमच्या प्रार्थनाघराला सिनेगॉग म्हणतात ना, तो शब्दही यांचाच."

"म्हंजे भांडलासा बी आणि शब्द बी ढापलासा?"

"शेजाऱ्याशी दुसरं काय करतात?"

हात तिनं शेवटपर्यंत जोडले नाहीत. निघताना मात्र इकडंतिकडं बघून देवाला जीभ दाखवली आणि पदर सावरत गेली.

मी रखवालदाराकडं पाहिलं.

"बोर्डावर हात लावू नये येवढंच लिवलंय," तो म्हणाला. "जिभंचं काय न्हाय."