आईचं बेसन आणि दोन मजली अँटेना

अँटेना निवडणं म्हणजे भाजी निवडण्याइतकं सोपं, असं आमच्या समितीला वाटत होतं. "सस्ती अन् मस्त पाहून घ्या, मॅडम," असं म्हणून अध्यक्षकाका चहा प्यायला लागले. जऊळक्याजवळ आमचं छोटंसं सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू व्हायचं होतं आणि त्याची सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात पडली होती.

पुण्याहून यंत्रं विकणारे एक साहेब दोन अँटेना ट्रायलसाठी घेऊन आले. एक साधी, सरळ दांडीची. दुसरी दोन मजली, वाकड्या हातांची आणि बरीच महाग. काका म्हणाले, "त्यापरीस मशीनच मोठी घ्या ना, दणक्यात आवाज जाईन!" अहो, पावर किती ठेवायची हे परवान्यातच बांधलेलं असतं! आहे तेवढा आवाज आभाळात वाया न घालवता गावांकडे ढकलायचा, एवढंच काय ते अँटेनाच्या हातात, आणि दोन मजलीला ते जास्त जमतं. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

माझा जीव मात्र किन्हीराजात अडकला होता. आई तिथे एकटी राहते आणि मधे टेकाड आडवं येतं. पंचक्रोशीसाठी रेडिओ वगैरे सगळं ठीक आहे, पण मला आधी आईला ऐकू जायला हवं होतं. खोटं कशाला बोलू?

पहिल्यांदा साधी चढवली. आठवडाभर चाचणी म्हणून रोज सकाळी मी माइकवर बोलायची आणि कार्यक्रम संपला की आईला फोन लावायची.

"आवाज येऊन राह्यला का, आई?"

"येऊन राह्यला ना बाई! मस्त येऊन राह्यला."

समिती खूश झाली. काका तर लगेच साधीची ऑर्डर द्यायला निघाले.

एके दिवशी शेणखतावरची मुलाखत लावून मी बाहेर आले आणि मधेच तिला फोन केला. "आता काय चालू हाय?"

"गाणं लागलं ना. गोड हाय."

"आई, शेणखत चालू हाय!"

"मंग तेच त. गोडच हाय."

मी कपाळाला हात लावला. "खोटं कायले बोलली?"

"तुह्या नव्या कामाले म्या कायले नाट लावू? लोक म्हणतीन, हिच्या मायलेच ऐकू येत नाही."

आमच्याकडे हे असंच. यजमानानं भाजी कशी झाली विचारलं की पाहुणा झकास म्हणतो, तसं फोनवर विचारलं की 'येऊन राह्यला'. बाकीच्या गावांतून आलेल्या 'मस्त ऐकू येतं'च्या निरोपांवरूनही माझा विश्वास उडाला. मी ऑर्डर थांबवायला लावली. काका तणतणले, मीही तणतणले. शेवटी त्यांनी एक सकाळ दिली. दोन मजली किन्हीराजात पोचली तर ठीक, नाहीतर साधीच घ्यायची.

आता आईला विचारण्यात काही अर्थ नव्हता. दोन मजली चढवली, माइकसमोर बसले आणि बोलता बोलता म्हटलं, "आमच्या आईचं सगळं चांगलं, पण भाकरीसोबतचं बेसन मात्र कायम खारट. पाहुणे पाण्यानंच पोट भरतात." मग गाणं लावून फोनकडे बघत बसले.

गाणं संपत आलं. काका घड्याळ पाहायला लागले, साहेबांनी बॅगेची चेन ओढली. तेवढ्यात फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला.

"काऊन व भवाने? माहं बेसन खारट? मिटक्या मारून खात होती तवा नाही लागलं? साऱ्या गल्लीत रेडिओ लागून हायेत, माही इज्जत काढली!"

काका हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. "दोन मजलीच घ्या, मॅडम," ते डोळे पुसत म्हणाले.

हसू मलाही आवरत नव्हतं. म्हटलं, "काहीच ऐकू येत नव्हतं, त इतके दिवस तू रेडिओ लावतच नसशीन ना?"

"लावत होती ना," आईचा आवाज एकदम खाली आला. "नुसती खरखर. पण त्या वक्ताले तू बोलून राह्यली असशीन. मंग बंद कसा करू?"