काट्यांखालचा बिज्जू

पहाटे फजरची नमाज झाली की चांदपाशा रोज कब्रस्तानात एक फेरी मारायचा. नव्या कबरीच्या मातीत काठी टोचून बघायचा. चार बोटांहून जास्त आत गेली, तर उकिडवा बसून ती जागा तळव्यानं ठोकायचा. सिल्लोडजवळच्या त्या गावात कबरी खोदायचं काम पोलीस अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या वर्षी, बाप गेल्यावर, त्याच्याकडे आलं. तेव्हापासून त्याची एकही कबर उथळ निघाली नव्हती. त्याची ऐट काय ती एवढीच.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि नव्या कबरींवर खड्डे पडू लागले. खड्डा जेमतेम हातभर, मयतावर आडव्या टाकलेल्या फळ्यांपर्यंत कधीच न पोचणारा. पण रानातला बिज्जू रात्री येऊन मुडदे उकरतो, हे गावात सगळ्यांना पाठ. तो वाघाला भीत नाही, नाग कचाकचा चावून खातो, आग्यामोहोळात तोंड घालतो. कब्रस्तान कमिटीचे गयासमियां मात्र बिज्जूला दोष देत नसत.

"कबर आणखी हातभर खाली असती, तर तो पोचला असता का, चांदपाशा?"

"पोचलाच कुठं?"

कबरीवर बाभळीच्या काट्यांचा आणखी एक भारा तेवढा पडायचा. जनावरानं उकरू नये म्हणून गावाची ती जुनी रीत होती.

एका सकाळी शेजारच्या शेतकऱ्याची, कारभारीची, तीन कुत्री कब्रस्तानात भुंकत होती. मधोमध बिज्जू. पोट काळं, पाठीवर पांढुरकी झूल टाकल्यासारखी. एका कुत्र्यानं त्याची मान धरली. तो आपल्याच सैल कातडीत गर्रकन वळला आणि त्यानं कुत्र्याचं नाक धरलं. तिन्ही कुत्री केकाटत पळाली. चांदपाशानं काठी उगारली, पण बिज्जूनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काट्यांखाली डोकं घालून माती उकरली, एक गलेलठ्ठ उंदीर ओढून काढला. मग दुसरा.

"चांदभाई, याला कमिटीत घ्या!" बांधावरून कारभारी ओरडला. "गयासमियांला न भिणारा एक तरी असू द्या!"

चांदपाशा हसला नाही. लोक पाखरांसाठी कबरीवर ज्वारी टाकत. ती खायला उंदीर येत, काट्यांखाली बिळं करत. बिज्जू येत होता तो त्यांच्यासाठी.

त्यानं कमिटीत सांगितलं, "काटे काढा. उंदीर जातील, मग तो बी येणार नाय."

"लोक म्हणतील, चांदपाशा बिज्जूला सामील झाला," गयासमियां म्हणाले. सगळे हसले.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची बायको हसीना गेली. तिची कबर त्यानं एकट्यानं खोदली, छातीइतकी खोल. वर नुसते दगड रचले. काटे नाहीत, ज्वारी नाही. आठ दिवस मातीवर ओरखडाही नव्हता. नवव्या दिवशी तो सिल्लोडला गेला आणि परतला, तर कबरीवर कमरेइतके काटे.

"दुःखात तुमच्या ध्यानात राहिलं नाही," गयासमियां मऊ आवाजात म्हणाले. "आम्ही टाकून घेतले."

चांदपाशानं काटे उपसून टाकले. जुम्म्याला ते परत आले, वर ज्वारीही. महिनाभरात खड्डा पडला.

"बघा, एवढे काटे टाकूनही! नसते टाकले तर?" गयासमियां म्हणाले.

चांदपाशानं खड्डा बुजवला आणि माती तळव्यानं ठोकली.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. अखेरच्या दिवशी तापानं अंथरुणात होता. गावात मयत झाली होती, त्याच्या जागी दुसरे दोघे खोदायला निघाले होते. त्यांना त्यानं दारातून परत बोलावलं. संध्याकाळी तो गेला. त्याआधी त्या दोघांशी जे बोलला ते एवढंच.

"मोठी पहार न्या. चिंचेकडच्या अंगाला खाली मुरूम लागतो, कबर उथळ राहील."