बिराप्पा सुभेदारांची अट

बिराप्पा सुभेदार माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. त्यांची नजर थेट पायांवर जायची. सीमेजवळच्या त्या लष्करी रुग्णालयात मी नर्सिंग ऑफिसर म्हणून हजर झाले, तेव्हा त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. मग छातीवरची माझी नावाची पट्टी वाचून मराठीत म्हणाले, "ताई, बूट बारका पडतोय तुमास्नी. आज बदलून घ्या." मला रागच आला. पहिल्याच दिवशी कोणी माझ्या बुटांवर बोलावं, हे काही मला रुचलं नाही. संध्याकाळी करंगळीला फोड आलेला पाहिला आणि गुपचूप बूट बदलून घेतले.

ते कवठे महांकाळकडचे, मेंढपाळाच्या घरातले. ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस म्हणून त्यांची सारी नोकरी गेली होती. मी रहिमतपूरची. आमच्याकडे ऊस, घरातले तीन पुरुष फौजेत, आणि बोलणं सगळ्यांचंच जरा तिखट. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणत, दोघंच असलो की 'ताई'. मी त्यांना काका म्हणायचे. पायांकडे का बघता, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "मेंढरू बोलतंय व्हय? आमी चालीवरनं वळखतो, कुठं दुखतंय त्ये. माणसं बी दुखणं सांगत न्हाईत."

मग सीमेवर तोफा सुरू झाल्या. जखमी जवानांच्या गाड्यांमागून गाड्या येऊ लागल्या. चौदा-चौदा तास उभं राहून आम्हा सिस्टर लोकांच्या पोटऱ्यांचे दगड झाले होते. जेवण समोर असायचं आणि घास गिळवत नव्हता. आडवं पडलं तरी डोळा लागत नव्हता.

अशा वेळी बिराप्पाकाकांनी ट्रंकेतून काशाची वाटी काढली. तूप लावून तिनं तळपाय घासायचे, तूप काळं पडेपर्यंत. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी करतात तेच. त्यांनी कमांडंट साहेबांची रीतसर परवानगी काढली. साहेब आधी हसले, मग स्टोअरमागची खोली दिली आणि वॉर्डातल्या दोन जादा खाटा दिल्या. काकांनी जोड्या लावल्या. सिस्टरनी सिस्टरचे पाय घासायचे, पुरुषांनी पुरुषांचे, आणि तिथं हुद्दा बघायचा नाही. आधी चार घास खायचे, मग पाय, मग दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजायचा. केरळची माझी जोडीदारीण पहिल्या दिवशी लाजून लाल झाली आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागली. एक सर्जनसाहेब तर वाटीचा खडखड आवाज ऐकला तरी जांभया देऊ लागले होते. काका मात्र बजावून सांगत, "ह्यानं पाय मोकळं हुत्यात. ताप आला, छातीत दुखलं तर डॉक्टर. वाटीला डॉक्टरकी येत न्हाई."

हे मी कानाआड केलं.

एक जवान, विशीतला, माझ्या हातांत दगावला. त्यानं माझं मनगट धरलं होतं आणि ते सोडवताना मला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. तेव्हापासून माझे हात थरथरायला लागले. कोणाला सांगितलं नाही. मनाच्या डॉक्टर असलेल्या मेजर मॅडम वरच्या मजल्यावर बसत. त्यांच्याकडे गेलं की कागदावर येणार, घरी कळणार, थिएटर सुटणार, अशी माझी खात्री होती. नर्सिंगशिवाय मला दुसरं काही करायचं नव्हतं. म्हणून मी दिवसातून दोनदा वाटीच्या खोलीत जाऊन पडायचे. पाय घासून झाले की तासभर हात स्थिर राहत. तेवढ्यात मी थिएटर उरकायचे. बरी झाले, असं मी स्वतःलाच पटवलं होतं.

एका दुपारी पोटाचं ऑपरेशन चाललं होतं. टाके घालण्याआधी आत वापरलेल्या गॉजच्या पट्ट्या मोजून पुऱ्या आहेत असं सिस्टरनं सांगायचं असतं. मी सांगितलं, "पुऱ्या." काका पलीकडे उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, एकदा परत मोजू." परत मोजल्या. एक कमी होती. ती जखमीच्या पोटात सापडली. त्याच्या जिवाचं काही बिघडलं नाही, पण बिघडलं असतं. आणि मी मोजताना आकडे बोलत होते, पट्ट्या बघतच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर काकांनी अट घातली. मेजर मॅडमना भेटून येईपर्यंत मला वाटीच्या खोलीत प्रवेश नाही, आणि आज ते स्वतः सर्जनसाहेबांना सांगून मला थिएटरमधून काढणार. मी भडकले. भीती होती ती, पण तोंडातून निघाला तो माज. मी म्हणाले, "तुम्हाला मेंढरं वळण्यातलं कळतं, काका. यातलं काय कळतंय?"

हे वाक्य मी बोलले. लिहिताना आजही हात अडतो.

ते म्हणाले, "व्हय ताई, तेवडंच येतंय मला. सकाळी आठला येतो." आणि गेले.

सकाळी आठला चहाचे दोन ग्लास घेऊन ते दारात उभे. जिना चढताना मध्येच मी थांबले आणि म्हणाले, मला नाही जमणार. त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढं धरली. "मागच्या पोस्टिंगला माझं बी असंच झालं. लय दिवस लपवलं. मग ह्या चालू केल्या. नोकरी ऱ्हायली, झोप आली. कुणाला सांगितलं न्हाई, तुमास्नी सांगतोय." मग दारापर्यंत आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी तासाभरानं बाहेर आले तेव्हाही ते तिथंच होते.

मला दोन महिने थिएटरपासून दूर ठेवलं. गोळ्या, मेजर मॅडमशी बोलणं, आणि परवानगी मिळाल्यावर वाटीची खोली. हातांची थरथर थांबली. कागदावर आलं, घरीही कळलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मी पुन्हा थिएटरमध्ये उभी राहिले त्या दिवशी पट्ट्या मोजताना काका समोर होते. त्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं नाही. त्याच महिन्यात ते निवृत्त होऊन गावी गेले. माफी मागायचं मी आज-उद्या करत राहिले होते.

दोन वर्षांनी सुट्टीवर आले तेव्हा कळलं की ते हृदयविकारानं गेले. मी कवठे महांकाळला गेले. त्यांच्या पत्नी, लक्ष्मीकाकू, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नाव सांगताच म्हणाल्या, "रहिमतपूरच्या व्हय तुमी? लय सांगायचं तुमचं. म्हणायचं, आमच्यात धाडसाची एकच, आपणहून डॉक्टरकडं गेली."

मी आपणहून गेले नव्हते, त्या माणसानं मला नेलं होतं. आज मी जी काही आहे, ती त्यांच्यामुळं. आणि त्या बाईंपुढं खोटं मोठेपण घेऊन बसणं मला शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती चुकलेली पट्टी, जिना, आणि मेंढरांचं ते वाक्य, एक शब्द न बदलता.

काकूंचे हात थांबले. मग मांडीवरची टरफलं झटकून उठल्या आणि म्हणाल्या, "आत या. भाकरी टाकते. जेवल्याबिगर जायचं न्हाई."