खरी नक्कल

ती घटना मला आजही आठवते, कारण लोक ती मला विसरू देत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा गौरवग्रंथ निघाला. त्यात या प्रकरणावर दोन पाने खर्ची पडली आहेत. ठाण्याच्या खाडीकाठी बनावट सरकारी नकाशे करणारी टोळी होती, ती आमच्या पोलीस ठाण्याने हुडकली, पुढे वस्तीचा मोर्चा आला, तपास अधिकारी कचरला आणि प्रकरण गुंडाळले गेले, असे तिथे छापले आहे. तो तपास अधिकारी मी. टोळी नव्हती. मोर्चा आला नव्हता. आणि मी कचरणारा होतो की नाही, हे माझ्या हाताखाली काम केलेल्यांना विचारावे. लेखक महाशय त्या काळात कल्याणला नेमणुकीस होते; त्यांनी या प्रकरणाचा एक कागदही पाहिलेला नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. बाळकुमच्या बाजूला तेव्हा इमारती नुकत्या उभ्या राहू लागल्या होत्या. तिथल्या एका कोळी वस्तीची खाडीलगत मोकळी जागा होती. होड्या तिथे लागत, जाळी तिथे सुकत, मासळी तिथे पसरली जाई. एके दिवशी त्या जागेभोवती कुंपणाचे खांब उभे राहिले. जागा आपली आहे हे सिद्ध करायला वस्तीला जुना मोजणी नकाशा हवा होता. लोक वर्षभर भूमी अभिलेख कार्यालयात खेटे घालत होते आणि प्रत्येक अर्जावर एकच शेरा मिळत होता: ‘अभिलेख उपलब्ध नाही.’

मग त्याच कार्यालयात जागेच्या सुनावणीच्या दिवशी साठीच्या घरातली एक विधवा कोळीण उठली आणि तिने पिशवीतून त्याच नकाशाची नक्कल काढून टेबलावर ठेवली. जागा ‘मासळी व जाळी सुकविण्याकरिता’ अशी त्यावर स्पष्ट नोंद होती. तिथल्या अधिकाऱ्याने नक्कल जप्त केली, मूळ नकाशाच अस्तित्वात नाही म्हणजे ही नक्कल बनावट आहे, असा निष्कर्ष काढला आणि नकलेसह आमच्याकडे लेखी तक्रार दिली. सोबत तोंडी खबरही दिली की वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात असले कागद तयार होतात. छापखान्याची झडती मी स्वतः घेतली. लग्नपत्रिका सापडल्या, आणि एका बारशाचे निमंत्रण. गौरवग्रंथातली टोळी ती हीच.

त्या बाईचा पहिला जबाब माझ्या हवालदाराने नोंदवला. हवालदार साताऱ्याकडचा, अक्षर वळणदार, माणूस सरळ. जबाबात वाक्य होते: ‘आम्ही नक्कल केली.’ मी ते वाचले आणि मला गुन्ह्याची कबुली मिळाली असे वाटले. ‘आम्ही’ म्हटले आहे, तेव्हा साथीदारही असणार. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात ‘कोळिणीची कबुली’ असा मथळा आला. अटकेचे कागद मी तयार करायला सांगितले होते. हे मी लपवत नाही.

अटकेपूर्वी तिला एकदा समोर बसवून विचारावे म्हणून बोलावले. सोबत महिला शिपाई आणि तो हवालदार होते. बाई टोपली घेऊनच आली. तिचा ठाण्यात सुटलेला वास आमच्या ठाणे अंमलदाराला बराच काळ आठवत राहिला. मी रीतीप्रमाणे नाव, वय विचारले आणि मग व्यवसाय.

“खारीन जातंय,” ती म्हणाली. “कालवां कारतंय.”

मी लेखणी थांबवली. कालवे म्हणजे खाडीतल्या खडकांना चिकटलेले शिंपले. ते कोणी करत नाही, काढतात. खाडीला ती ‘खारी’ म्हणत होती; तिच्या बोलीत ‘ड’ आणि ‘ढ’चा ‘र’ होत होता. मी जबाबाचा कागद पुढे ओढला आणि विचारले, “आणि नक्कल? नक्कल काय केलीत?”

“केली कशाला? कारली. मी न् माजा घरवाला कचेरीन गेलेलो, अर्ज दिला, नक्कल कारली. तो मेला, नक्कल र्‍हायली.” मग तिने हवालदाराकडे मान वळवली. “या दादाला कान हायेत क नाय?”

महिला शिपाई खाडीपलीकडच्या कळव्याची, याच बोलीत वाढलेली होती. ती खाली मान घालून हसली. तिला हे पहिल्याच दिवशी समजले असते, पण तिला कोणी विचारलेच नव्हते.

‘काढली’ आणि ‘केली’. ती ‘कारली’ म्हणाली, हवालदाराने ‘करली’ ऐकले आणि शुद्ध करून ‘केली’ लिहिले. एका क्रियापदामुळे एक म्हातारी तुरुंगात जाणार होती. ‘आम्ही’ म्हणजे ती आणि तिचा नवरा. जबाबाच्या शेवटी मात्र ठरलेले वाक्य होते की हा जबाब मला वाचून दाखविला व तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तो तिला वाचून दाखवलाच नव्हता. कोणत्या ठाण्यात दाखवतात? हवालदाराला मी सगळ्यांसमोर बोललो. मनात स्वतःला बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

त्यानंतर मी प्रथमच ती नक्कल उलटी करून पाहिली. सरकारी नकलेच्या पाठीवर शिक्का असतो. त्यात अर्ज आल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख, आणि दोन सह्या: एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. रुजवात म्हणजे मूळ कागद समोर ठेवून नक्कल ताडून पाहणे. ज्याने रुजवात घेतली त्याने मूळ नकाशा डोळ्यांनी पाहिलेला असतो. ती दुसरी सही मला ओळखीची वाटली. तक्रार अर्ज शेजारी ठेवला. शेवटच्या अक्षराचा तोच फराटा, खाली तीच दोन टिंबे. ज्या अधिकाऱ्याने नकाशा अस्तित्वातच नाही असे लिहून दिले होते, त्यानेच पंधरा वर्षांपूर्वी कारकून असताना तो समोर ठेवून रुजवात घेतली होती.

त्याला मी बोलावले नाही. मी त्याच्या कार्यालयात गेलो, त्याच्यासमोर दोन्ही कागद ठेवले आणि सही कोणाची ते विचारले. त्याने नक्कल उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, “सही माझी आहे. पण साहेब, तुम्हीही सरकारी माणूस आहात. मागेल त्याला कागद दाखवत बसलो तर कार्यालय चालेल का? काही गोष्टी गोपनीय असतात.”

“मासळी कुठे सुकवायची हे गोपनीय आहे?” मी विचारले. “कोणापासून? मासळीपासून?”

तो हसला नाही. मीही हसलो नव्हतो. मी दोन पंच बोलावले आणि अभिलेख कक्ष उघडायला लावला. लाल रुमालांत बांधलेले गठ्ठे छतापर्यंत होते. नकाशा दुसऱ्याच गावाच्या रुमालात निघाला, नीट घडी घालून ठेवलेला. हरवलेला कागद असा घडी घातलेला नसतो. कुंपण कोणासाठी चालले होते हे मला ठाऊक होते; पुरावा नव्हता म्हणून लिहीत नाही.

वरिष्ठांनी सुचवले की न्यायालयाला तपास बंद करण्याचा अहवाल, म्हणजे समरी, ‘क’ वर्गाची पाठवा, म्हणजे तक्रार गैरसमजातून झाली असे म्हणून विषय संपेल. मी ‘ब’ समरी पाठवली: तक्रार खोटी व हेतुपुरस्सर. गौरवग्रंथात जिला गुंडाळणे म्हटले आहे ती ही. तिच्या बदल्यात मला तीन महिन्यांत ठाणे शहराबाहेर बदली मिळाली. कचरणाऱ्यांना अशा बदल्या मिळत नाहीत.

सुनावणीत मूळ नकाशा मान्य झाला. कुंपणाचे खांब निघाले आणि जाळी पुन्हा पसरली.

इथे मला थांबता आले असते, आणि लोक थांबतातही. पण शेवटी घडले ते असे. दुरुस्त जबाब मी स्वतः लिहिला आणि बाईला शब्द न् शब्द वाचून दाखवला. तिने ऐकला, मान डोलावली आणि म्हणाली, “याची नक्कल द्या मना.”

मी म्हणालो, “ती मिळत नाही.”

पद्धत तशीच होती. तोंडातून उत्तर निघायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तिने माझ्याकडे पाहिले, टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाली, “तुमीपन त्येच.”

त्या गौरवग्रंथाला उत्तर द्यावे म्हणून गेल्या वर्षी मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. माझ्याच ठाण्यात, माझ्याच हातच्या जबाबाची प्रत मागितली. एक महिन्याने उत्तर आले: मुदतीनंतर अभिलेख नष्ट. खाली गोल शिक्का, वर एका तरुण अधिकाऱ्याची सही. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने निदान उत्तर दिले, आणि कायद्याने त्याला ते द्यावेच लागले. मी त्या बाईला दिले ते उत्तर मात्र मला कोणीही द्यायला लावले नव्हते.

सरकारच्या कपाटातून मी लिहिलेला जबाब गेला. तिच्या नवऱ्याने काढलेली नक्कल मात्र पंधरा वर्षे खाऱ्या हवेत, तिच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत, अक्षरही न पुसता टिकली होती. त्या दिवशी मी तिच्या हातात एक प्रत दिली असती, तर आज माझी बाजू खरी आहे हे सांगणारा कागद या जगात असता, आणि तो कुठे मिळेल हेही मला माहीत असते.