सरकलेला लाल

मामाचं भिंग एका चिमुकल्या चामडी पाकिटात असायचं आणि ते पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात. लहानपणी मला जगात दुसरं काही नको होतं. मागितलं की मामा म्हणायचा, "आधी हात धू." मी पळत नळावर जायची, परत येऊन दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायची, मग कुठे भिंग मिळायचं.

आमच्या छापखान्यात तो प्रुफं तपासायचा. आईचा सख्खा भाऊ, पण मेहुणा म्हणून बाबांनी त्याला कधी सूट दिली नाही आणि त्यानेही मागितली नाही. खिडकीजवळच्या टेबलाशी डोळ्यांत तेल घालून वाचत बसायचा. वाचताना त्याचे ओठ हलायचे. मशीनवरचे कारागीर त्याची नक्कल करायचे आणि चूक सापडली की त्याच्याकडेच पळत यायचे. रंगीत कागद छापून आला की मामा मला स्टुलावर उभी करायचा. रंग एकावर एक छापतात, नेमके बसले तर चित्र दिसतं, एखादा केसभर हलला तर कडेने बाहेर डोकावतो, हे मला त्या भिंगातून कळलं. "बघ, लाल सरकलाय," तो म्हणायचा. शाईचा तो वास अजून आठवला तरी मला भूक लागते, का कोण जाणे. आणि बाबांचा एक नियम होता: छपाई बिघडली की आधी मशीन तपासायचं, मगच माणसाला बोलायचं.

बाबा गेले, मशीनंही गेली. आता मी दोन खोल्यांत संगणकावर पुस्तकांची पानं लावते आणि छपाई बाहेरून करून घेते. पंच्याहत्तरीचा मामा रोज सकाळी येतो. लेखक मंडळी पानांवर लाल अक्षरांत दुरुस्त्या टाकून पाठवतात, त्या एकेक वाचून पानात उतरवणं त्याचं काम. जुन्या मॉनिटरला तो नाक लावून बसायचा, म्हणून मी हौसेने भिंतभर फोर-के टीव्ही आणला आणि त्याच्या संगणकाला जोडला. मी माझ्या जुन्या लॅपटॉपवरच राहिले.

महिन्याभरात मामाने घोळ घातला. कुंडीतल्या झाडांवरच्या एका पुस्तकात लाल दुरुस्ती १ चमचा खताची होती, मामाने पानात ९ केला. लेखिकाबाईंनी वेळीच पाहिलं, नाहीतर वाचकांची झाडं जळून गेली असती. मामा म्हणाला, या पडद्यावर अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. मी म्हटलं, पडदा कोरा करकरीत आहे, तू डोळे दाखवून ये. बोलून गेले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंगाचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "हे आता तुझ्याकडे ठेव," म्हणाला आणि घरी गेला. त्यानंतर फोन केला की मामीच उचलायची. डॉक्टरकडे जायला तो तयार नव्हता, तिने सांगितलं, आणि घडी न मोडलेली वर्तमानपत्रं खुर्चीपाशी साठत चालली होती. चाळीस वर्षं वाचून जगलेला माणूस वाचायचा थांबला होता, आणि तो माझ्यामुळे थांबला होता.

अकराव्या दिवशी मला राहवलं नाही. सवयीने हात धुतले, भिंग काढलं आणि मामाच्या पडद्याला लावलं. काळी अक्षरं रेखीव होती. लाल अक्षरांच्या कडा मात्र पसरलेल्या, आजूबाजूला गुलाबी ओघळ. मामाचे डोळे गेले असते तर त्याला काळंही दिसलं नसतं. त्या कामात काळ्यात त्याची एकही चूक नव्हती, आणि हे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, टीव्हीला वाटतंय आपल्यावर सिनेमा लागलाय. सिनेमात रंगांचा बारकावा कमी केला तरी कुणाला कळत नाही, बारीक रंगीत अक्षरांत लगेच कळतं. सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'कॉम्प्युटर' असं नाव द्यायचं होतं, बस्स. दिलं, आणि लाल जागेवर आला.

मी तडक मामाकडे गेले. तो खिडकीशी नुसता बसून होता.

"मामा, तुझे डोळे चांगले आहेत. लाल सरकला होता. मी आधी मशीन बघायला हवं होतं."

"मला वाटलं, संपलं माझं," तो म्हणाला. मला रडू आलं. त्याने चपला घातल्या.

ऑफिसात येऊन त्याने तीच खताची ओळ काढली. ओठ हलले. "एक," तो म्हणाला, "एकच चमचा आहे." मग पडद्यावरून नजर न काढता भिंगासाठी हात पुढे केला.

"आधी हात धू," मी म्हटलं.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मग उठून नळावर गेला आणि परत येऊन, माझ्यासमोर उभं राहून त्याने दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले.