चिखलदऱ्याचा ड्रायव्हर आणि युटाहचा उतार

नवऱ्याने ट्रिप कॅन्सल केली तेव्हा कॅम्पर व्हॅन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटखाली उभी होती आणि तिच्यात ज्वारीचं पीठसुद्धा भरून झालं होतं. सुनीलच्या टीमची चिप फॅक्टरीत जायला चार दिवस राहिले होते आणि तिच्यात काहीतरी भयंकर चूक सापडली होती. "तू आणि बाबा जाऊन या ना," तो म्हणाला. "व्हॅन चालवणं म्हणजे काय, आपल्या कारसारखंच असतं."

हे वाक्य पुढे मी त्याला वर्षभर ऐकवलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, ऑक्टोबर महिन्यातली. मोबाइल नव्हता, नकाशा कागदाचा होता आणि मला हायवेवर लेन बदलतानाही घाम फुटायचा. तरी मी हो म्हटलं, कारण बाबांना परत जायला सहाच आठवडे उरले होते. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच परतवाड्याहून इतक्या लांब आले होते आणि आल्यापासून आमच्या बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्या पाहत होते. माझी दहा वर्षांची करुणा त्यांच्याशी हाय आणि बाय याच्या पुढे फारशी गेली नव्हती. ती इंग्रजीत बोलायची, बाबा वऱ्हाडीत, आणि मध्ये मी दुभाषी.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाबा आले त्या आठवड्यात आमच्याकडे मराठी मंडळींचं पॉटलक झालं होतं. शिकागोजवळच्या शॉमबर्गहून आलेल्या एका काकूंनी विचारलं, "वडील काय करायचे गं तुझे?" मी म्हणाले, "ट्रान्सपोर्टमध्ये ऑफिसर होते." बाबा माझ्या शेजारीच प्लेट घेऊन उभे होते. त्यांनी एकतीस वर्षं परतवाडा–चिखलदरा घाटात एसटी चालवली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, भाताचा घास घेतला आणि काकूंना म्हणाले, "वांग्याची भाजी बेस झाली." त्यावर आम्ही दोघंही नंतर काही बोललो नव्हतो.

पहिले दोन दिवस

सनीव्हेल ते युटाहमधलं झायन नॅशनल पार्क हा रस्ता दोन दिवसांत आरामात होतो. पहिला मुक्काम आम्ही बार्स्टोच्या पुढे वाळवंटात केला. कॅम्पग्राउंडला तेव्हा आठ-दहा डॉलर पडायचे आणि पेट्रोल आजच्या मानाने पाण्याच्या भावात होतं. तरी व्हॅन इतकं पेट्रोल प्यायची की बाबा दर थांब्याला तिच्याभोवती फेरी मारून खाली गळत तर नाही ना, हे वाकून बघायचे. ते फक्त टाकी बघत नसत. प्रत्येक चाकावर बुटाची टाच मारत, नट हाताने चाचपत. करुणा मागून फिरायची.

"व्हॉट इज ही डुइंग?"

"विचार त्यांनाच," मी म्हणाले.

तिने विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तीही टाच मारायला लागली.

झायनला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. तांबडे कडे सरळ आभाळात गेलेले, आणि खाली नदीकाठी कॉटनवुडची झाडं नुकती पिवळी पडायला लागलेली. मोठी गाडी असेल तर इथल्या जुन्या बोगद्याचे नियम आधी विचारून घ्या. बोगदा अरुंद आहे आणि रुंद गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवावी लागते. व्हॅनच्या छोट्या शेगडीवर मी भाकऱ्या थापल्या. धुरामुळे अलार्म वाजला. बाबांनी तो काढून टॉवेलमध्ये गुंडाळला आणि ठेच्याबरोबर चार भाकऱ्या खाल्ल्या. अमेरिकेत आल्यापासून त्यांना एवढं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

जेवणानंतर त्यांनी डॅशबोर्डचा खण उघडून गाडीचं पुस्तक काढलं आणि करुणापुढे धरलं. "वाच," म्हणाले. दोघं बाकावर बसले. ती इंग्रजीत वाचायची, मग मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. "आबा, हे 'दोन' आहे ना, ते फॉर गोइंग डाउनहिल. गाडी स्लो राहते."

"म्हणजे गिअर हाय म्हण की याले!" बाबांचा चेहरा उजळला. आमची गाडी ऑटोमॅटिक, तिला गिअरच नसतात असं त्यांना तोवर वाटत होतं. मी भांडी घासत होते. मला त्या पुस्तकात काडीचाही रस नव्हता.

तिसरा दिवस: ब्राइस

त्या दिवशी दसरा होता. नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमलेले असणार. बाबा कधी त्या गर्दीत निवांत उभे राहू शकले नव्हते. दरवर्षी जादा गाड्या सुटायच्या आणि ते लोकांना तिथे आणून सोडायचे, परत न्यायचे. सकाळी त्यांनी पांढरा शर्ट घातला. ब्राइसच्या कड्यावर थंडी मरणाची होती. खाली हजारो केशरी सुळके, सकाळच्या उन्हाचा पट्टा त्यांच्यावर सरकत येत होता. बाबा हात जोडून त्रिशरण म्हणू लागले. दुसऱ्या ओळीला करुणाचा आवाज त्यांच्यात मिसळला. तिला ते पाठ होतं, सुनीलने शिकवलेलं. बाबांना ते माहीत नव्हतं. ते थांबले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

ब्राइसला जाणाऱ्यांनी एकच लक्षात ठेवा: ऑक्टोबरात स्वेटर नाही, जाड जॅकेट न्या.

उतार

त्याच दुपारी आम्ही बारा नंबरच्या रस्त्याने निघालो. एस्कलांटे गावात टाकी भरून घ्या, पुढे लांबवर काही नाही. गाव सोडलं की रस्ता एका माथ्यावर येतो आणि समोरचं सगळं जग नुसतं दगडाचं होतं. फिकट, लाटालाटांचा दगड, नजर पोचते तिथपर्यंत. रस्ता त्या दगडांतून वळणं घेत खाली नदीपर्यंत उतरतो.

मी ब्रेकवर पाय ठेवून उतरायला लागले. मागे एक पिकअप अगदी चिकटून आला. मी घाबरून पाय आणखी दाबला आणि तसाच ठेवला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर जळका वास आला. मला वाटलं बाहेरून येतोय. मग पेडल मऊ लागलं. नंतर ते जवळजवळ तळाला गेलं आणि गाडी मात्र हळू होईना.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये!"

बाबा शेजारी बसले होते. त्यांचा आवाज चढला नाही. "पाय काढ ब्रेकवरून."

"गाडी पळेल!"

"पळू दे थोडी. कांडी खाली घे. दोनवर."

मी पाय ब्रेकवरच दाबून धरला. मागून करुणा ओरडली, "मॉम, लिसन टू हिम!"

मी गिअरची कांडी ओढली. इंजिन एवढ्या जोरात ओरडलं की काहीतरी मोडलं असं वाटून मी पुन्हा ब्रेककडे पाय नेला.

"नोको. ओरडू दे त्याले. ओरडते तवाच ते गाडी धरते." गाडी खरंच मंदावत होती. "आता दाब जोरात. सोड. पुन्हा दाब. सोड. धरून ठेवू नोको, धरून ठेवलं की जळते. वळणाच्या आधी दाब, वळणात नोको. शाब्बास. आता एकवर घे."

खाली रस्ता रुंद झाला तिथे गाडी कडेला थांबली. पिकअपवाला हॉर्न देत निघून गेला. चाकांतून धूर येत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन धावले, तर बाबांनी हात धरला. "गरम लोखंडावर पाणी टाकाचं नसते, तडकते. बस इथं. तासभर काही करू नोको."

मी दगडावर बसून रडले. करुणा मला चिकटून बसली. बाबा चाकांकडे पाहत उभे राहिले. "घाटात पहिल्या वर्षी माह्याही गाडीचे तापले होते," ते म्हणाले. "चाळीस माणसं होती आत. खाली आल्यावर माहे पाय लटलट कापत होते. कंडक्टरनं चहा पाजला."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं.

पुढे रस्ता चढून एका धारेवर जातो. दोन्ही बाजूंना दरी, कठडा नाही. ती धार मी रस्त्यावरच्या रेघेवरून नजर न हलवता पार केली, कारण बाबा सारखे एकच सांगत होते: "डोळे रेघेवर. दरी पाहणारा ड्रायव्हर दरीतच जाते."

फ्रुटा

कॅपिटल रीफमध्ये फ्रुटा नावाची जुनी वस्ती आहे. तांबड्या कड्यांच्या कुशीत फळबागा, आणि बागेत उभं राहून खाल तेवढं सफरचंद फुकट. घरी न्यायचं असेल तर वजनावर थोडे पैसे डब्यात टाकायचे. आम्ही पोचलो तर शेजारच्या ट्रेलरमधले एक म्हातारे गृहस्थ, नाव वॉल्ट, वास हुंगत आले. ते ट्रक चालवून निवृत्त झाले होते. वासावरूनच त्यांना सगळं कळलं.

"तुम्हाला खाली कोणी आणलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

करुणाने बाबांकडे बोट दाखवलं. मग वॉल्ट माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "माझे वडील बस ड्रायव्हर आहेत. एकतीस वर्षं डोंगरात बस चालवलीय त्यांनी." माझा आवाज बारीक झाला होता.

वॉल्टनी टोपी काढून बाबांशी हात मिळवला आणि नंतर पाऊण तास ते दोघं एकही सामाईक शब्द नसताना हातांनी गिअर टाकत गप्पा मारत बसले.

करुणा मात्र माझ्यासमोर उभी होती. "यू सेड ही वॉज ॲन ऑफिसर."

"हो. खोटं बोलले मी."

"व्हाय? धिस इज वे बेटर."

सकाळी बागेत बाबा शिडीवर होते, मी खाली टोपली धरून. मी म्हणाले, "बाबा, पॉटलकच्या दिवशी मी..."

"हं." त्यांनी एक सफरचंद पीळ देऊन तोडलं. "वाईट वाटलं मले. नाही कशाले म्हणू?"

"मग बोलला का नाहीत?"

"घर तुह्यं, माणसं तुह्यी. तुले त्यांच्यात राहाचं हाय." शिडीची एक पायरी उतरून म्हणाले, "तुह्या होस्टेलच्या फॉर्मवर मीही 'सरकारी नोकरी' इतकंच लिवलं होतं. म्हटलं, पोरीले तरास नको. तं हे तू माह्यापासूनच शिकली असशीन."

त्यांनी वरून एक टपोरं सफरचंद दिलं आणि म्हणाले, "खा, टोपलीत नोको टाकू. खाल्लेलं फुकट हाय."

परतीचा रस्ता आणि घर

परत येताना आम्ही नेवाडामधून पन्नास नंबरचा रस्ता घेतला. तासन्‌तास सरळ, एक डोंगररांग ओलांडायची, पुन्हा मैलोन्‌मैल सपाट. अर्ध्या तासात समोरून एक गाडी आली तर आली. अशाच एका सपाटीत पाणी प्यायला थांबलो असताना बाबा म्हणाले, "पाच मिनिटं देतं का माह्या हातात?"

त्यांनी हे किती दिवस मनात घोळवलं असेल कोण जाणे. मी म्हणाले, "बाबा, भाड्याची गाडी आहे. करारावर फक्त माझं नाव आहे. काही झालं तर..."

"बरोबर हाय," ते लगेच म्हणाले. "बिना कागदाची गाडी हाती द्याची नसते. मीही नसती देल्ली." आणि ते आपल्या बाजूचं दार उघडून चढून बसले. पुढच्या गावापर्यंत ते रस्त्याकडे बघत राहिले, माझ्या चालवण्याला एकही सूचना त्यांनी केली नाही.

सनीव्हेलला आल्यावर सुनीलने विचारलं, कसं झालं? करुणाने अर्धा तास सांगितलं, निम्मं मराठीत. बाबा ठरल्या दिवशी परतवाड्याला परतले. पुन्हा अमेरिकेत येणं त्यांना जमलं नाही, आणि आता ते नाहीत.

लोक मला या भागाबद्दल विचारतात तेव्हा मी सगळं सांगते: ऑक्टोबरात जा, उताराला गिअर खाली घ्या, फ्रुटाची सफरचंदं चुकवू नका. दऱ्यांचे रंग मला आता नीट आठवत नाहीत, फोटोही फिकटले. नेवाडातली ती दुपार मात्र स्पष्ट आहे. आभाळ मोकळं, रस्ता रिकामा, चावी माझ्या मुठीत. मी केलं ते बरोबर होतं, त्यांनीही तेच म्हटलं. पण पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन, असं मला आज म्हणवत नाही.